डावा हात कुठे आहे?

पहाटे 4:45

माघातला रविवार. शाळेच्या दिवशी मी साडेपाचला उठतो, रविवारी पावणेपाचला. पिशवी रात्रीच भरलेली असते. दोन बॅटऱ्या, कापडी टेप, मऊ कुंचला, पेन्सिली, कॅमेरा आणि हिशेबाची लांबट वही. वहीत रकाने पाडलेले आहेत: दांडी, भोपळा, तारा, पडदे, उजवा हात, डावा हात. शेवटचा रकाना सगळ्यांत रुंद ठेवला आहे, कारण खरी माहिती तिथेच जमते.

लातूर आणि नांदेड जिल्ह्यांतल्या जुन्या देवळांवर कोरलेल्या वीणा शोधायच्या आणि त्यांची नोंद करायची, हे माझं रविवारचं काम. मी चित्रकलेचा मास्तर. वीणा वाजवता येत नाही. पण पोरांना हात काढायला शिकवण्यात आयुष्य गेलं, त्यामुळे दगडातला हात काय करतोय हे मला लवकर दिसतं. आठशे-नऊशे वर्षांपूर्वीची वीणा आज हातात घ्यायला मिळत नाही. लाकडाला वाळवी लागली, भोपळे फुटले, तात कुजली. उरले ते दगडातले वादक. ते वाद्य कसं धरत, हे आता त्यांनाच विचारायचं.

5:20

नाक्यावर माझी जुनी विद्यार्थिनी उभी आहे. डोक्याला मफलर, काखेत ड्रॉइंग बोर्ड. आता ती कलेच्या महाविद्यालयात शिकते आणि सुट्टीला घरी आली की माझ्याबरोबर येते. औसा, लामजना, पुढे निलंगा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हरभरा, मध्ये ज्वारीचे पट्टे.

गाडीत तिचा पहिला प्रश्न असतो तो नावाचा. वीणा म्हणजे नेमकं कोणतं वाद्य? याचं उत्तर लांब आहे. भाजे लेण्यात दोन हजार वर्षांपूर्वी कोरलेली वीणा धनुष्यासारखी वाकलेली आहे. समुद्रगुप्ताच्या सोन्याच्या नाण्यावर राजा मांडीवर घेऊन वाजवतो तीही तशीच. पुढे ते वाद्य मागे पडलं आणि सरळ दांडीला भोपळा बांधलेली वीणा आली. नाव तेच राहिलं, वाद्य बदललं. पोथीत नुसतं ‘वीणा’ लिहिलेलं असेल तर डोळ्यांपुढे काय आणायचं, हे त्या त्या काळचं शिल्प पाहिल्याशिवाय ठरत नाही.

6:50

निलंगा, नीलकंठेश्वराचं देऊळ. चालुक्यांच्या काळातलं, तीन गाभाऱ्यांचं. एकात शिवलिंग, एकात विष्णू, एकात हरगौरी. हरगौरीच्या मूर्तीपुढे विद्यार्थिनी दर वेळी गप्प होते, आणि मी तिला घाई करत नाही.

आज इथे फक्त उजेडाचं काम आहे. मागच्या खेपेला भर दुपारी काढलेले फोटो वाया गेले होते. डोक्यावरचा सूर्य शिल्पाला सपाट करतो. बोटभर उंचीची आकृती वाचायची तर उजेड बाजूने, दगडाला घासून यायला हवा. म्हणजे नखाएवढ्या उठावालाही सावली पडते आणि बोटं मोजता येतात. सकाळचा पाऊण तास असा उजेड फुकट मिळतो. आत, खांबांच्या अंधारात, तो बॅटरी आडवी धरून करावा लागतो. ती बॅटरी धरते, मी पाहतो. मग मी धरतो, ती काढते. दगडावर कागद घासून ठसा घ्यायचा नाही, खडू लावायचा नाही, तेल तर नाहीच. कुंचलासुद्धा कोळ्याच्या जाळ्यापुरता.

चालुक्य शिल्पी काळ्या दगडात काम करत होते हे विसरून चालत नाही. तार कोरता येत नाही. दांडी बारीक केली तर तुटते, म्हणून ती जाड ठेवायची किंवा अंगाला चिकटवून घ्यायची. शिल्पातली दांडी जाड दिसते म्हणून वाद्याची दांडी जाड होती असं लिहिणं चूक. हाताचं तसं नाही. हात कुठे ठेवायचा हे शिल्पीने वादकाला पाहूनच ठरवलेलं असतं.

9:15

देवणीच्या रस्त्यावर चहा. इथून कर्नाटकची हद्द जवळ आहे आणि हद्दीपलीकडे बसवकल्याण, म्हणजे चालुक्यांची राजधानी कल्याणी. या भागातली देवळं ज्या राजांच्या काळात उभी राहिली, ते संगीतावर स्वतः लिहिणारे राजे होते. तिसऱ्या सोमेश्वराने 1129 ते 1131 च्या सुमारास ‘मानसोल्लास’ रचला, त्यात गाण्या-वाजवण्यावर प्रकरणं आहेत. त्याचा मुलगा जगदेकमल्ल याने ‘संगीतचूडामणि’ लिहिला. मग शंभरेक वर्षांनी देवगिरीला, यादव सिंघणाच्या दरबारात, शार्ङ्गदेवाचा ‘संगीतरत्नाकर’ झाला.

शार्ङ्गदेवाबद्दल मला फार माया आहे. घराणं काश्मीरचं, आजोबा भास्कर दक्षिणेत आले. हा स्वतः यादवांकडे श्रीकरणाधिप, म्हणजे हिशेबखात्याचा मोठा अधिकारी. त्याच्या वाद्याध्यायात त्या हिशेबनिसाचा हात दिसतो. दांडी किती हात लांब, तिचा घेर किती, भोक किती, भोपळा कुठे बांधायचा, सगळं मोजून दिलेलं. ज्याला वाचायचं असेल त्याच्यासाठी ग. ह. तारळेकरांनी त्याचा मराठी अनुवाद करून ठेवला आहे. त्यांनी आणि नलिनी तारळेकरांनी भारतीय शिल्पांतल्या वाद्यांवर 1972 साली इंग्रजी ग्रंथही काढला. माझ्यासारख्याला वाट त्यांनीच दाखवली.

विद्यार्थिनीच्या कामाला येतात त्या ‘संगीतरत्नाकरा’तल्या तीन वीणा. एकतंत्री: लांब खैराची दांडी, एकच तार, मोठा भोपळा डाव्या खांद्याशी, आणि डाव्या हातात बांबूची कांब, जिला शार्ङ्गदेव कम्रिका म्हणतो. ही कांब तारेवरून सरकवायची आणि सूर काढायचा. आलापिनी: दांडी आखूड, भोपळा अर्धा कापलेला आणि छातीला टेकवलेला, डाव्या हाताची बोटं थेट तारेवर. किन्नरी: हिच्या दांडीवर मेणाने बसवलेले पडदे, खाली भोपळे. म्हणजे तिन्हींतला फरक डाव्या हातात आहे. मूठ वळलेली असली तर तिच्यात कांब असावी. बोटं सुटी असली तर आलापिनी. दांडीवर बारीक गाठी ओळीने दिसल्या तर किन्नरी. म्हणून माझा तो रकाना रुंद.

एकतंत्रीच्या वर्णनात तो तारेखाली घालायच्या एका बारीक तुकड्याची गोष्ट सांगतो. त्याचं नाव जीवा. त्याने आवाजाला घुमारा येतो. आजही तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली दोरा सरकवून जवारी लावतात, तेच हे काम. वीणेच्या अंगांत तो देव पाहतो: दांडी शंभू, तार उमा, भोपळा ब्रह्मा, आणि जीवा म्हणजे चंद्र. इतक्या बारीक वस्तूला चंद्र म्हणणारा माणूस कानाचा किती पक्का असेल!

10:40

या गावाचं नाव मी लिहिणार नाही. सुटं पडलेलं शिल्प चोरीला जातं, आणि हे शिल्प सुटं पडलेलं आहे.

देऊळ लहान. वरचं जुनं बांधकाम केव्हाच गेलं, आता सिमेंटचं शिखर आहे. जीर्णोद्धारात काढलेली जुनी दगडी चौकट बाहेर पाराजवळ आडवी पडून आहे. तिच्यावर पोरं बसतात, म्हाताऱ्या वाती वळतात. चौकटीच्या एका उभ्या शाखेवर एकाखाली एक सात आकृत्या. खालच्या दोन झिजून गेल्या आहेत. वरच्या पाचांत एक नाचणारी, एक मृदंग्या, एक टाळ वाजवणारा, आणि पाचव्या जागी वीणावाला. उंची टेपने मोजली, 11 सेंटिमीटर. खांद्यापासून वरचा भाग निळ्या ऑइलपेंटने रंगलेला. कुणीतरी भक्तीनेच दिलेला रंग आहे, मनात राग धरण्यात अर्थ नाही. पण त्या रंगाखाली डोळे आणि कानातलं बुजलं.

चौकट सावलीत आहे, त्यामुळे बॅटरी आडवी धरली. दांडी डाव्या खांद्याकडून उजव्या कमरेकडे तिरकी उतरते. खालचं टोक तुटलेलं. भोपळा छातीजवळ. उजवा हात खाली, दांडीच्या तुटक्या टोकाशी. डावा हात भोपळ्याच्या जरा खाली, आणि बोटं... इथे अर्धा तास गेला.

“सर, मूठ आहे,” ती म्हणाली.

“अंगठा कुठाय मग?”

तिने बॅटरी डावीकडून उजवीकडे नेली. सावली फिरली. अंगठा दांडीच्या मागे गेलेला होता आणि तीन बोटं पुढे, एकमेकांपासून सुटी. चौथं झिजलेलं.

गुरवमामा मघापासून बघत होते. “काय करालाव सर? मोजमाप कशाचं हाय?” मी सांगितलं. त्यांनी डोकं खाजवलं. “आमी तर त्याला गदा समजत हुताव.” यात हसण्यासारखं काही नाही. मी स्वतः एका ठिकाणी कमळाचा देठ वीणा म्हणून नोंदवला होता, दुसऱ्या खेपेला खोडला. आणि शिकलेली माणसंही देवळात सरस्वती दिसली की आधी वीणा शोधतात, कारण रविवर्म्याच्या छापील चित्रांनी आपल्या घराघरात वीणा घेतलेली सरस्वती बसवली. चालुक्यांच्या सरस्वतीच्या हातांत बहुतेक वेळा पोथी, जपमाळ, पाश आणि अंकुश असतात.

शंका उरली भोपळ्याची. तो छातीला टेकलेला आहे, की शिल्पीने दगड वाचवण्यासाठी खांद्यावरून खाली ओढला? विद्यार्थिनीने शेजारच्या कडब्याच्या गंजीतून एक धांड उपसलं, गुरवमामांकडून प्रसादाची वाटी मागून घेतली, आणि दगडातल्या माणसासारखी उभी राहिली. धांड तिरकं, वाटी छातीशी. डावा हात शिल्पात आहे तिथे सहज पोचला. मग वाटी खांद्यावर नेली, तर डावा हात तिथे पोचेना, कोपर हवेत राहिलं. मी दोन्हीचे फोटो काढले. शरीराने केलेला हा पुरावा मला दहा पानांच्या तर्कापेक्षा मोलाचा वाटतो.

गावात सप्ताह चालू आहे. बाजूच्या मांडवात वीणेचा पहारा. सात दिवस, रात्रंदिवस, वीणा कुणा ना कुणाच्या गळ्यात असते, जमिनीला टेकवायची नाही. बाराच्या सुमाराला एका आबांचा पहारा सुटला. दुसऱ्याच्या पाया पडून, त्याच्या गळ्यात वीणा घालून ते आमच्याकडे आले. पोरीच्या हातातलं धांड बघून त्यांना सगळं आपोआप कळलं. दगडाजवळ उकिडवे बसले, चष्मा वर केला, बराच वेळ पाहिलं.

“भोपळा छातीलाच हाय,” ते म्हणाले. “छातीला लावला की सूर अंगात घुमतो, बाजूला केला की मोकळा हुतो. आमी उभ्यानं दोन-दोन तास धरतो, आमाला ठावं हाय.”

मी त्यांना नमस्कार केला. हेच आहे. कंबोडियात ‘क्से दिएव’ नावाची एकतारी वीणा अजून वाजते, अर्ध्या भोपळ्याची. वादक तो भोपळा उघड्या छातीला लावतो, किंचित उचलतो, परत लावतो, आणि आवाज बंद-उघड होत राहतो. झारखंड-ओडिशाच्या आदिवासींची तुईला त्याच घरातली. आपल्याकडे दगडात राहिलेलं वाद्य दूर कुठेतरी माणसाच्या छातीवर जिवंत आहे, आणि ते कसं वाजतं हे आमच्या आबांनी ते न ऐकता सांगितलं.

वहीत लिहिलं: डावा हात, अंगठा मागे, तीन बोटं सुटी, कांब नाही. भोपळा छातीशी. आलापिनी.

निघताना गुरवमामांशी बोललो. चौकट विटांवर उचलून सभामंडपात घ्यायची, रंग खरवडायचा नाही, नवा लावायचा नाही. ते म्हणाले, सप्ताह उठला की पोरं लावतो.

दुपारी 1:45

उदगीरच्या अलीकडे लिंबाखाली भाकरी, ठेचा, आबांनी बांधून दिलेला टहाळ. जेवताना तिने तिची फाइल उघडली. तिच्या अभ्यासक्रमात इटलीची चित्रकला आहे आणि तिने तिथले वादक जमवायला सुरुवात केली आहे. हे तिचं स्वतःचं काम, मी फक्त ऐकतो.

असिसी गावात संत फ्रान्सिसच्या चर्चमध्ये सिमोने मार्तिनीने 1312 ते 1317 च्या सुमारास भित्तिचित्रं काढली. संत मार्तीनला योद्ध्याची दीक्षा देतात त्या प्रसंगात कडेला दोन वादक उभे आहेत. एक दोन पावे एकदम फुंकतो, दुसऱ्याच्या छातीशी एक लहानसं तंतुवाद्य आहे, गिटर्न. त्या काळची खरी गिटर्न शोधायला गेलं तर एका हाताच्या बोटांवर मोजावीत इतकीच उरली आहेत. न्यूरेंबर्गच्या हान्स ओटने 1450 च्या सुमारास केलेलं एक जर्मनीत वार्टबुर्गच्या किल्ल्यात आहे. बाकी सगळी भिस्त चित्रांवर. तिकडचे कारागीर अशी चित्रं समोर ठेवून वाद्यं पुन्हा घडवतात आणि त्यांवर मैफली होतात.

मला आवडली ती ल्यूटची गोष्ट. अरबांचा ऊद युरोपात गेला आणि ‘अल्-ऊद’ या नावाचंच ल्यूट झालं. मध्ययुगात तो पिसाच्या दांडीने छेडत. पंधराव्या शतकाच्या शेवटी वादक पीस टाकून बोटांनी वाजवू लागले, कारण एका वेळी अनेक सूर हवे होते. हा बदल लिहिलेल्या पुस्तकांत थोडा सापडतो, चित्रांतल्या उजव्या हातात भरपूर. व्हेनिसला फ्रारी चर्चमध्ये जोव्हान्नी बेल्लीनीचं 1488 चं चित्र आहे, मेरीच्या पायाशी दोन बालदेवदूत, एकाकडे पावा, एकाकडे ल्यूट. तिने ती प्रत माझ्यासमोर धरली आणि विचारलं, “सर, उजवा हात कुठे आहे?”

माझाच प्रश्न, हात बदलून.

तिकडच्या अभ्यासकांनी एक सावधगिरीही शिकवली आहे. एमान्युएल विंटरनिट्झने 1967 च्या आपल्या ग्रंथात बजावून सांगितलं की चित्रकार कधी कधी वाजूच न शकणारं वाद्य काढतात, मनाने किंवा जुन्या मूर्तींवरून. आपले शिल्पीही तेच करत असणार. पुढच्या शिल्पीने वादक न पाहता मागच्या देवळावरूनच उतरवलं तर वाद्य जाऊन शंभर वर्षं झाली तरी दगडात ते वाजत राहील. यावर उपाय एकच, पुष्कळ नोंदी. एका वीणेवरून काही म्हणायचं नाही.

4:10

देगलूर ओलांडून होट्टल. नांदेड जिल्ह्याचं हे शेवटचं टोक, पुढे तेलंगण. सिद्धेश्वराचं देऊळ उतरत्या उन्हात पिवळं पडलेलं. गावात चालुक्यकालीन शिलालेख मिळाले आहेत, देवळाची डागडुजी झाली आहे, आणि सरकारतर्फे इथे महोत्सवही होतो. बाहेरच्या भिंतीवर सुरसुंदऱ्यांची रांग. मी वीणेच्या मागे लागलो की बाकी काही दिसत नाही, म्हणून इथे आल्यावर वही मिटून एक फेरी नुसती मारतो. विद्यार्थिनी एका सुरसुंदरीच्या पायाचं रेखाटन करत बसली. मी बसून राहिलो.

इथून पुढे तेलंगणात शिरलं की किन्नरीची आठवण येते. तिकडे दक्कली समाजातले कलावंत किन्नेरा वाजवतात: बांबूची दांडी, खाली भोपळे, दांडीवर मेणात बसवलेले पडदे. बारा मेट्लांची, म्हणजे बारा पायऱ्यांची किन्नेरा वाजवणारे दर्शनम मोगुलय्या यांना 2022 साली पद्मश्री मिळाली. शार्ङ्गदेवाने देवगिरीत बसून लिहिलेलं मेणाचं आणि पडद्यांचं वर्णन मी वाचतो तेव्हा मला पोथीआधी तो माणूस आठवतो. विद्वानांनी ज्या वाद्याचं शास्त्र लिहिलं ते आठशे वर्षं सांभाळलं कुणी, तर गावकुसाबाहेर ठेवलेल्या लोकांनी. या अभ्यासात त्यांचं नाव पहिल्या ओळीत यायला पाहिजे.

रात्री 8:00

नांदेड. विद्यार्थिनीला मावशीकडे सोडायचं आहे, त्याआधी सचखंड हुजूर साहिबला माथा टेकला. 1708 साली गुरू गोविंदसिंगजींनी देह ठेवला ते हे ठिकाण. बाहेरच्या दुकानांत तसबिरी टांगलेल्या असतात. गुरू नानकदेव मध्ये बसलेले, एका बाजूला भाई बाला चवरी घेऊन, दुसऱ्या बाजूला भाई मरदाना, आणि मरदानांच्या हातात रबाब. जन्मसाखीच्या जुन्या हस्तलिखितांतल्या चित्रांपासून आजच्या छापील कॅलेंडरपर्यंत मरदाना रबाबाशिवाय दिसत नाहीत. मुसलमान घरातला तो वादक गुरूंबरोबर हजारो कोस चालला, आणि चित्रकारांनी त्याचं वाद्य कधी त्याच्या हातातून काढून घेतलं नाही.

ती चार तसबिरी शेजारी शेजारी ठेवून बघत होती. चारही चित्रांत रबाबाचा आकार वेगळा. एकात खुंट्या पाच, एकात सहा. “मॉडेलला वाद्य नव्हतं दिलेलं,” ती म्हणाली. दुकानदाराने आतून आणखी दोन काढून दिल्या, जुन्या छपाईच्या. सहाही चित्रांतला डावा हात तिने वहीत उतरवून घेतला. माझ्या वहीत दगडाशिवाय नोंद नव्हती, आज कागदाची पहिली झाली.

10:15

मुक्कामाच्या खोलीत फोटो उतरवून घेतले, प्रत्येकाला तारीख आणि वेळ घातली. निलंग्याचे एकवीस फोटो कामाचे. पाराजवळच्या वीणावाल्याचे चौतीस, त्यातल्या एकात तिन्ही बोटं स्वच्छ मोजता येतात. होट्टलचा एकही नाही, एक रेखाटन.

वाचकांना एक विनंती. तुमच्या गावात जुनं देऊळ असेल तर दाराच्या चौकटीजवळ सकाळी सात वाजता दोन मिनिटं उभे राहा. उजेड बाजूने येत असेल. नाचणाऱ्यांच्या आसपास वादक असतात, बोटाएवढे, वितीएवढे. कुणाच्या हातात तिरकी दांडी दिसली तर डाव्या हाताचा जवळून एक फोटो काढून ठेवा आणि गावाचं नाव, तारीख लिहा. दगडाला रंग देऊ नका, खरवडू नका, तेल लावू नका. जीर्णोद्धार निघाला तर जुनी चौकट बाहेर टाकू देऊ नका. सुटं शिल्प सापडलं तर तलाठी किंवा तहसीलदाराला कळवा, पुरातत्त्व खात्याचं कार्यालय नांदेडला आहे.